वस्ती, प्रभाग आणि क्षेत्रसभा : सोलापुरातील रहिवासी नेतृत्वाची पार्श्वभूमी

सोलापुरात वस्तीचे पुढारपण जुने आहे. गिरण्यांच्या चाळींत, पूर्व भागातील यंत्रमाग व विडी कामगारांच्या वस्त्यांत ते ज्ञातीच्या पंचांकडून, कामगार संघटनांतून आणि उत्सव मंडळांतून येत असे. मात्र नळ कोठे बसवायचा हे पुढाऱ्यांनी मागायचे आणि नगरपालिकेने, १९६४ नंतर महानगरपालिकेने, ठरवायचे, अशी ती वाटणी होती.

सरकारी योजनेच्या रचनेतच रहिवाशांना जागा मिळाली ती प्रामुख्याने डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत. दहा ते चाळीस महिलांचा शेजार समूह, त्यातून निवडलेली निवासी स्वयंसेविका, समूहांवर शेजार समिती आणि तिच्याही वर सामुदायिक विकास संस्था, अशी ही उतरंड कागदावर नेटकी होती. घरोघरचे सर्वेक्षण आणि लाभार्थी निवडीला मदत ही कामे या महिलांकडे आली. निधी खर्चण्याचा निर्णय मात्र आला नाही.

गुंता झाला तो ‘प्रभाग’ या शब्दापाशी. बोलण्यात प्रभाग म्हणजे नगरसेवकाचा मतदारसंघ. कायद्यातली प्रभाग समिती मात्र अनेक मतदारसंघ मिळून होते, म्हणजे ती झोन ऑफिसच्या पातळीवर बसते. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत या समित्या आवश्यक केल्या. महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांत स्वयंसेवी व वस्तीपातळीवरील संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेण्याची सोय केली, पण त्यांचे नामनिर्देशन नगरसेवकांवर सोपवले. शेजार समूहांना येथे आपोआप प्रवेश नव्हता.

ही दरी भरण्यासाठी २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील लहान क्षेत्राच्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली. ती डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानाची अट होती. सोलापूर त्या अभियानाच्या मुख्य शहरांत नव्हते, तरी कायदा सर्वांनाच लागू झाला. केंद्राच्या नमुना मसुद्यात क्षेत्राचा स्वतंत्र प्रतिनिधी होता. राज्याने अध्यक्षपद नगरसेवकाला दिले. निवडून आलेल्या माणसासमोर दुसरा प्रतिनिधी उभा करू नये, हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच गैर नव्हता. तरीही ज्याच्या कामाचा हिशेब मागायचा, त्यानेच सभा बोलवायची, हा पेच त्यातून कायम राहिला. २०१७ मध्ये २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडले गेले; एका प्रभागात तीन-चार नगरसेवक असताना आपली सभा नेमकी कोणाची, हे सामान्य रहिवाशाला कसे कळावे?

याच काळात शहराला लागून असलेल्या कुंभारीत विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेने १०,००० घरांची वसाहत उभी केली आणि २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. येथे महिला लाभार्थी होत्या, तशाच संस्थेच्या सभासदही होत्या. कुंभारी महापालिका हद्दीबाहेर आहे, हे येथे लक्षात घ्यावे : तेथे ग्रामसभा कायद्याने भरवावीच लागते, अर्थात तिचे अध्यक्षपदही सरपंचाकडेच असते.

पुढे शेजार समूहांची जागा बचत गटांच्या वस्तीस्तर संघांनी घेतली. जानेवारी २०१६ मध्ये सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आले आणि त्या कामांचे निर्णय स्वतंत्र कंपनीकडे गेले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तो जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत राहिला. म्हणजे जवळपास चार वर्षे क्षेत्रसभेचे अध्यक्षपद ज्याच्याकडे, तो नगरसेवकच शहरात नव्हता.