पोपट: पिंजऱ्याने भाषेला काय दिलं

मे २०१३ मध्ये कोळसा खाणवाटप प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आर. एम. लोढा यांच्या खंडपीठाने सीबीआयला ‘मालकाच्या आवाजात बोलणारा पिंजऱ्यातला पोपट’ म्हटलं. तपासाचा अहवाल न्यायालयात सादर होण्याआधीच सरकारातल्या मंडळींनी पाहिला होता, त्यात बदलही सुचवले होते, त्यावरचा हा शेरा. तो चिकटला तो चिकटलाच. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने या पोपटाला मोकळं करायला सांगितलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. उज्जल भुयान यांनी अरविंद केजरीवाल यांच्या जामिनाच्या निकालात लिहिलं की आपण पिंजऱ्याबाहेरचे पोपट आहोत हे सीबीआयने दाखवून द्यावं. मुळात इंग्रजीत झालेला हा शेरा मराठी वाचकाला कुणी समजावून सांगावा लागला नाही. आपल्याकडे त्याची जमीन फार आधीपासून नांगरलेली होती.

आपल्या बोलण्यातला पोपट बहुतेक सगळा पिंजऱ्यातलाच आहे. रानातल्या पोपटाने भाषेला दिला तो फक्त रंग. पोपटी लुगडं, पोपटी पालवी. (अलिबाग-पेणकडे पोपटी म्हटलं की रंगाआधी वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेलं मडकं डोळ्यांपुढे येतं, ती गोष्ट वेगळी.) ज्वारीची कणसं पोखरणारे, पेरूच्या बागेत एकेका फळाला दोन चोची मारून टाकून देणारे थवे शेतकऱ्याने गोफण घेऊन पिढ्यान्‌पिढ्या हाकलले, पण ‘पोपटासारखा लुटारू’ असं कुणी म्हणत नाही. तो पक्षी बोलत नाही, एवढंच त्याचं चुकलं.

पोपट माणसासारखा बोलतो याचं अप्रूप फार जुनं आहे. इ.स.पू. ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारी असलेल्या क्टेसियस या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं की हिंदुस्थानातला हा पक्षी तिथली भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल. आपल्याकडे तर बोलणाऱ्या पोपटाला थेट कथाकार केलं गेलं. सातव्या शतकातल्या बाणभट्टाची ‘कादंबरी’ सुरू होते ती शूद्रक राजाच्या दरबारात. एक चांडाळकन्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा पोपट घेऊन येते आणि पुढची बहुतेक कथा तो पोपट सांगतो. त्यात त्याच्या लहानपणाचा प्रसंग आहे: एक म्हातारा शबर, म्हणजे रानातला शिकारी, सावरीच्या प्रचंड झाडावर चढतो, ढोलीढोलीत हात घालून पोपटांच्या माना मुरगळून खाली टाकतो आणि पंख न फुटलेलं हे पिल्लू बापाच्या पंखाखाली दडून वाचतं. पुढे याच ग्रंथाच्या नावावरून मराठीने नव्या साहित्यप्रकाराला ‘कादंबरी’ म्हटलं. म्हणजे आपल्या कादंबरीचा मूळ निवेदक पोपट आहे! कादंबरीकारांनी याचा राग मानू नये.

‘शुकसप्तति’मधला पोपट याहून बेरकी. नवरा परगावी, बायको रोज रात्री नटूनथटून बाहेर निघालेली, आणि पोपट तिला एकेक गोष्ट सांगून उंबऱ्याच्या आत ठेवतो, असं सत्तर रात्री. या कथांचं जुनं मराठी रूपही आहे. रिशार्ट श्मिट या जर्मन अभ्यासकाने ते १८९७ मध्ये लायप्झिगला छापलं. फारसीत हीच परंपरा ‘तूतीनामा’ म्हणून गेली आणि अकबराने त्याची चित्रमय पोथी करवून घेतली. मंडनमिश्र या पंडितांच्या घराची खूण सांगताना शंकराचार्यांना म्हणे सांगण्यात आलं होतं की ज्या दारात पिंजऱ्यातल्या साळुंक्या-पोपट ज्ञानाच्या प्रामाण्यावर वाद घालत असतील, ते घर त्यांचं. इथवर पोपटाचं बोलणं म्हणजे घराच्या विद्वत्तेचा पुरावा होता.

कीर्तनकारांनी त्याला आणखी वर नेलं. पोपटाला रामनाम पढवता पढवता गणिका तरली, ही कथा गावोगाव सांगितली गेली. न समजता घेतलेलं नावसुद्धा फळतं, असा तिचा मथितार्थ. आपल्या घरांतल्या पोपटांना ‘विठू विठू’ शिकवलं गेलं ते याच श्रद्धेच्या हवेत. जात्यावरच्या ओव्यांत राघू म्हणजे लेक आणि मैना म्हणजेही लेकच. एकाला पुल्लिंगी वाचायचं, दुसरीला स्त्रीलिंगी. आईच्या तोंडचा राघू हा शब्द लाडाचा, त्यात घोकंपट्टीचा वासही नाही.

याच काळात, याच भाषेत, दुसरा पोपटही आहे, आणि मला तो सगळ्यांत भेदक वाटतो. पारध्याची एक युक्ती होती. आडव्या दोरीत पोकळ नळी ओवायची. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. त्याला कुणीच धरलेलं नसतं. पण पडू या भीतीने तो नळी अधिकच आवळतो आणि पारधी येऊन त्याला फळासारखा तोडून घेतो. यालाच शुकनलिकान्याय म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, माणूस स्वतःच स्वतःचा वैरी कसा होतो हे सांगताना, हा पोपट येतो: मान पिळतो, छाती आवळतो, मोकळे पाय आणखी गुंतवतो, आणि अर्धा तोडून नेला तरी नळी सोडत नाही. पोपटाच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे त्याची पकड सांडशीसारखी बसते. उलटं लटकणं हा तर त्याचा रोजचा खेळ. तरीही दृष्टान्त जराही ढिला पडत नाही.

मग शाळा आली, परीक्षा आली, आणि घोकणं हा गुण राहिला नाही. ‘पोपटपंची’ हा शब्द आज शिवीसारखाच वापरला जातो: उत्तरपत्रिकेबद्दल, प्रवक्त्याबद्दल, पक्षाची भूमिका पाठ करून आलेल्या कार्यकर्त्याबद्दल. पोपटावर मात्र हा अन्याय आहे. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकन करड्या पोपटाला १९७७ पासून तीस वर्षं शिकवलं. तो सुमारे पन्नास वस्तू आणि सात रंग ओळखून त्यांची नावं सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. शब्दाचा अर्थ कळतो की नाही हा प्रश्न त्याच्याबाबतीत तरी पूर्वीइतका सोपा राहिला नाही.

राजाच्या पोपटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पोपट मेल्याची बातमी आणणाऱ्याचं डोकं उडवीन, असं राजाने बजावलेलं. मग बिरबल येऊन सांगतो की महाराज, पोपट दाणा खात नाही, पाणी पीत नाही, चोच उघडत नाही, हलत नाही. ‘म्हणजे मेला?’ ‘ते आपण म्हणालात.’ एखादी योजना, युती किंवा महामंडळ कधीच निजधामाला गेलेलं असतं, पण कुणी बोलत नसतं, तेव्हा अग्रलेखांत हा पोपट हमखास उतरतो. कट्ट्यावरचा ‘पोपट झाला’ त्या मानाने अगदी हलकाफुलका. वाट बघून फजिती झाली की झाला पोपट. मित्राने करवला की ‘पोपट केला’.

आणि खरा पक्षी? आपल्याकडे दिसणारा नेहमीचा कीर, ज्याच्या नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ असतो, आणि खांद्यावर लाल डाग असलेला थोराड राघू, ज्याला बाजारात ‘पहाडी’ म्हणून जास्त भाव येतो, हे दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. घरोघरी टांगलेले पिंजरे पाहिले तर हे खरं वाटत नाही, कारण लोकांना पोपट म्हणजे पाळीव प्राणी वाटतो, मांजरासारखा. कोंबडी चालते मग पोपट का नाही, हा प्रश्न वनखात्याला नेहमी ऐकावा लागतो. उत्तर साधं आहे: बाजारातला देशी पोपट सहसा पैदास केंद्रातला नसतो. तो ढोलीतून काढलेला असतो, आणि ज्या शबराने सावरीच्या झाडात हात घातला त्याचंच काम आजही चालू आहे.

कायद्याची आठवण लोकांना झाली ती एप्रिल २०२४ मध्ये, तीही तमिळनाडूत. कडलूरचे एक लोकसभा उमेदवार पोपटवाल्या ज्योतिषाकडे गेले. पोपटाने पिंजऱ्यातून बाहेर येऊन, पत्त्यांच्या ओळीवरून चालत, चोचीने एक पत्ता उचलला. भाकीत निघालं: विजय. चित्रफीत सगळीकडे फिरली आणि वनखात्याने ज्योतिषाला ताब्यात घेऊन समज दिली, पोपट जप्त केले. उमेदवार निवडणूक हरले. मराठीत याला काय म्हणतात ते वर आलंच आहे.

परदेशी पोपटांचा मामला वेगळा आहे. मकाव, आफ्रिकन करडा वगैरे पाळता येतात, पण ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. देशी पोपट घरात असेल तर तो वनखात्याच्या हवाली करायचा. खिडकी उघडून सोडून द्यायचा नाही. पिसं कातरलेला आणि माणसाच्या हातून खायला सवकलेला पक्षी बाहेर पहिल्या दिवशीच कावळ्यांच्या तावडीत सापडतो.