डिकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टॉमी

डोक्याला जबर मार लागला की मेंदू सुजतो, पण कवटी काही ताणली जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढत जातो. तो उतरवायला कवटीचा मोठा तुकडा काढून काही आठवडे किंवा महिने बाहेरच ठेवायचा, ह्या ऑपरेशनला डिकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टॉमी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोखर आणि कुशिंग ह्या सर्जननी ही कल्पना पुढे आणली.

नॉर्मल दाब साधारण 5 ते 15 एमएम मर्क्युरी असतो, 22 च्या वर टिकून राहिला की ट्रीटमेंट सुरू करतात. डोक्याची बाजू 30 डिग्री वर, सेडेशन म्हणजे गुंगीचं औषध, मेंदूतलं पाणी ओढून सूज उतरवणारं मॅनिटॉल किंवा हायपरटॉनिक (जास्त मिठाचं) सलाईन, गरज पडली तर नळी घालून मेंदूतलं पाणी काढणं, हे सगळं करूनही दाब हटत नसेल तर हाड काढायचा विचार होतो. कधी रक्ताची गाठ काढतानाच मेंदू इतका फुगलेला दिसतो की हाड परत बसवताच येत नाही, तेव्हा ते तिथेच बाहेर ठेवतात.

तुकडा किमान 12 बाय 15 सेंमी हवा. इथे कंजुषी केली तर मेंदू त्या भोकातून बाहेर येतो, हाडाच्या कडेवर शिरा दबतात आणि नुकसान उलट वाढतं. नुसतं हाड काढूनही भागत नाही, खालचं ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, उघडून त्यावर सैलसर पॅच लावतात. काढलेलं हाड डीप फ्रीझरमध्ये किंवा पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात.

आता खरा वादाचा मुद्दा. 2011 च्या डेक्रा ट्रायलमध्ये दाब थोडा वाढताच लवकर ऑपरेशन केलं, दाब उतरला, पण सहा महिन्यांनी पेशंटची अवस्था ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा वाईट निघाली. 2016 च्या रेस्क्यू-आयसीपी ट्रायलमध्ये शेवटचा उपाय म्हणून केलं, तेव्हा सहा महिन्यांत मृत्यू 26.9 टक्के, फक्त औषधांवर ठेवलेल्यांत 48.9, म्हणजे जीव नक्की वाचले. पण व्हेजिटेटिव्ह अवस्थेत, म्हणजे डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत, राहिलेले ऑपरेशनवाल्यांत 8.5 आणि औषधांवाल्यांत 2.1 टक्के, आणि नातेवाईकांशी बोलताना हा आकडा गाळणं मला तरी बरोबर वाटत नाही.

ऑपरेशननंतर बेडजवळ 'ह्या बाजूला हाड नाही' अशी पाटी लावतात, त्या बाजूवर झोपवत नाहीत, चालायला लागल्यावर हेल्मेट. इन्फेक्शन, मेंदूत पाणी साठणं हे त्रास होऊ शकतात. सूज उतरल्यावर तेच हाड किंवा टायटॅनियमची प्लेट बसवतात, त्याला क्रेनिओप्लास्टी म्हणतात. ती लांबली तर काहींची कातडी आत खचते आणि सुधारत आलेला पेशंट परत मागे जातो, अशांना हाड बसवल्यावर बऱ्याचदा फरक पडतो.