दोन कड्या काढू का, सर?

"चेन ताणलीय सर. दोन कड्या काढून टाकतो, गाडी परत नव्यासारखी."

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं हे सांगितलं आणि मी "नको" म्हणालो. त्याला वाटलं, मी पैशांचा विचार करतोय. मी अडकलो होतो तो "ताणलीय" या शब्दावर. हा शब्द सगळेच वापरतात, मीही वर्षानुवर्षं वापरत आलोय. पण चेन म्हणजे काय चड्डीची नाडी आहे ताणली जायला?

माझी गाडी १२५ सीसीची. चेन ४२८ नंबरची, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. (या नंबरातला पहिला आकडा इंचाचे आठवे भाग सांगतो. ४ म्हणजे चार अष्टमांश, १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांच्या ५२० चेनमध्ये हेच अंतर पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मिलिमीटर असतं.) या अंतराला पिच म्हणतात. चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांपैकी (स्प्रॉकेट) पुढचं चक्र १४ दात्यांचं, मागचं ४२, आणि चेनच्या कड्या ११८. एकूण लांबी जवळपास दीड मीटर.

घरी येऊन पोलादी मोजपट्टी लावली. चेन ताठ धरून एका पिनेच्या मध्यापासून २० कड्या मोजल्या. नव्या चेनमध्ये हे माप २५४ मिलिमीटर भरतं, माझ्या चेनमध्ये २५९ भरलं. साधारण २ टक्के वाढ. पूर्ण चेनचा हिशेब केला तर ३० मिलिमीटर. म्हणजे चेन लांब झाली होती, यात मेकॅनिक शंभर टक्के बरोबर होता. दोन कड्या काढल्या की २५.४ मिलिमीटर कमी होतात, म्हणजे त्याचा उपायही हिशेबात जवळजवळ बसत होता! चूक होती ती फक्त कारणात. आणि कारण चुकलं की उपाय दोन महिन्यांत उघडा पडतो.

कडीतली पोलादाची पट्टी ओढली की लांब होते, हे खरं. सोडली की पूर्ववत होते. कायमची लांब व्हायची तर ओढ एका मर्यादेपलीकडे जावी लागते, आणि दोन टक्क्यांचा कायमचा ताण म्हणजे चेन तुटण्याच्या दारात उभी आहे असं समजायचं. या मापाची चेन तुटायला दीड टनाहून जास्त ओढ लागते. माझं इंजिन पहिल्या गिअरमध्ये सगळा जोर लावूनही त्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत कसंबसं पोचतं. जुनी चेन खोलून तिच्या सुट्या पट्ट्यांची भोकं मोजलीत तर त्यांच्यातलं अंतर जिथल्या तिथे सापडेल. पट्टी ताणलेली नाही. मग हे ३० मिलिमीटर आले कुठून?

सांध्यांतून. चेनची एक बाहेरची कडी म्हणजे दोन पट्ट्या आणि त्यांत घट्ट ठोकलेल्या दोन पिना. आतली कडी म्हणजे दोन पट्ट्या आणि त्यांत घट्ट ठोकलेल्या दोन पोकळ नळ्या, म्हणजे बुश. पिन बुशमधून जाते आणि आत फिरते. बुशच्या बाहेरून एक सैल रोलर असतो, तो दात्यावर बसतो. हे बुश म्हणजे हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाची करामत. १८७९ मध्ये त्यानं मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमधला कापडगिरण्यांना चेन पुरवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला आणि १८८० मध्ये बुशवाल्या रोलर चेनचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या चेनमध्ये पिन थेट पट्टीच्या पातळ कडेवर घासायची. सगळा भार त्या चिंचोळ्या कडेवर. रेनॉल्डनं तोच भार नळीच्या पूर्ण लांबीवर पसरवला. आज तुमच्या गाडीला असलेली चेन मुळात तीच आहे.

पण पिन बुशमध्ये घासते ती घासतेच. आणि आता माझ्या आवडीचा हिशेब, जरा धीर धरा.

प्रत्येक सांधा एका फेरीत चार वेळा वाकतो: पुढच्या चक्रावर चढताना, उतरताना, मागच्यावर चढताना, उतरताना. पुढे १४ दाते, म्हणून ३६० भागिले १४, सुमारे २६ अंशांनी. मागे ४२, म्हणून साडेआठ अंशांनी. यातल्या दोन वाकण्या चेनच्या वरच्या, ताठ बाजूला होतात आणि खरी झीज तिथेच. मागचं चाक एका फेरीत सुमारे १.९ मीटर जातं, आणि ११८ कड्या ४२ दात्यांवरून जाईपर्यंत ते २.८ वेळा फिरतं, म्हणजे चेनची एक पूर्ण फेरी सव्वापाच-साडेपाच मीटरची. एका किलोमीटरला १८७ फेऱ्या. माझी चेन २० हजार किलोमीटर चालली होती, म्हणजे ३७ लाखांहून जास्त फेऱ्या. एवढ्या प्रवासात प्रत्येक सांध्यात झालेली झीज किती? पिन आणि बुश दोन्ही मिळून पाव मिलिमीटर. साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी.

आता भागाकार करा. पाव मिलिमीटर भागिले ३७ लाख. उत्तर येतं ०.०७ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपास. लोखंडाच्या एका अणूचा व्यास सुमारे ०.२५ नॅनोमीटर. म्हणजे चेनच्या एका फेरीत सांध्यातून अणूंचा एक अख्खा थरसुद्धा निघत नाही! सरासरीनं पाहिलं तर गाडी वीसेक मीटर गेली की एक थर जातो. घराच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, चार-पाच थर. (प्रत्यक्षात अणू असे शिस्तीत रांगेनं निघत नाहीत. कुठे कण उखडतो, कुठे वाळूचा दाणा शिरून ओरखडा काढतो. पण सरासरी ती सरासरी.) मी हा आकडा दोनदा तपासला, कारण माझाही विश्वास बसेना.

बाटलीवर "नॅनो" लिहिलेले स्प्रे विकणाऱ्यांनी हा हिशेब आधी केला असता तर बरं झालं असतं. सांध्यातली झीज मुळातच नॅनोमध्ये मोजण्याची गोष्ट आहे, तिला थोपवायला पिन आणि बुशमध्ये तेलाचा पातळ पडदा टिकला पाहिजे, एवढंच. तो साध्या गिअर ऑइलनंही टिकतो. गॅरेजमधलं जळकं ऑइल मात्र नको, त्यात काजळी आणि धातूचे कण असतात, म्हणजे झिजवायचा मालमसाला आपणच ओतायचा. आणि हँडलला लिंबू-मिरची लटकवणाऱ्यांना एकच विनंती, ती मिरची दर शनिवारी बदलता, त्याच दिवशी चेनवरून एक फडकं फिरवा. दृष्ट लागो न लागो, धूळ नक्की लागते.

ज्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या टोकाशी रबराच्या ओ-रिंग असतात, तिच्यात ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं. तिथे वरून लावलेलं तेल रोलरसाठी आणि रबर ओलं राहावं म्हणून. अशी चेन पेट्रोलनं धुऊ नका, रबर खराब होतं. रॉकेल चालतं.

आता थोडी वाकडी वाट. चेन २ टक्के वाढली म्हणजे प्रत्येक पिच २ टक्के वाढला, असं वाटतं ना? तसं नसतं. रोलर बसतो बुशवर. आतल्या कडीतले दोन्ही बुश एकाच पट्टीत ठोकलेले, त्यांच्यातलं अंतर झिजेनं बदलतच नाही, १२.७ म्हणजे १२.७. सगळी वाढ बाहेरच्या कडीच्या वाट्याला येते, कारण तिच्या दोन्ही टोकांना एकेक ढिला सांधा. म्हणजे माझ्या चेनमध्ये रोलरांमधलं अंतर आळीपाळीनं १२.७ आणि १३.२ होतं. चेन लंगडत होती म्हणा ना! शिवाय ११८, १४ आणि ४२ हे तिन्ही सम आकडे. त्यामुळे चक्राच्या एका दात्याला जन्मभर बाहेरचीच कडी भेटते, शेजारच्याला आतलीच. दाते एकाआड एक वेगळे झिजतात. पुढचं चक्र १५ दात्यांचं असतं तर दर फेरीला पाळी बदलली असती आणि झीज सगळ्यांत वाटली गेली असती. जाणकार गाडीवाले पुढे विषम दाते पाहिले की खूश होतात ते यासाठी. हे पचलं नाही तर सोडून द्या, पुढे अडणार नाही.

अडतं ते दात्यांपाशी. चक्राचे दाते १२.७ च्या हिशेबानं कापलेले. सरासरी पिच वाढलेली चेन त्यात तळाशी बसूच शकत नाही. ती वर सरकते, जिथे परीघ मोठा आहे तिथे. माझ्या मागच्या चक्राची त्रिज्या सुमारे ८५ मिलिमीटर. २ टक्के वाढ म्हणजे चेन १.७ मिलिमीटर वर. पुढच्या, साडेअठ्ठावीस त्रिज्येच्या चक्रावर हीच चढ अर्धा-पाऊण मिलिमीटर. म्हणून चेन पाहायची ती मागे. मागच्या चक्राच्या अगदी पाठीमागच्या बाजूला चेन चिमटीत धरून मागे ओढा. दाता निम्मा उघडा पडून पलीकडचं दिसायला लागलं, तर चेन संपली, मोजपट्टी लावायचीही गरज नाही.

वर सरकलेली चेन दात्याच्या टोकाजवळ ओढते. एरवी ओढ बऱ्याच दात्यांत वाटली जाते, आता ती एखाद-दुसऱ्यावर येते. दाता एका बाजूनं झिजत जातो आणि वाघनखासारखा वाकडा होतो. पुढच्या चक्राचे हाल जास्त, कारण तिथला प्रत्येक दाता मागच्याच्या तिप्पट वेळा कामाला लागतो. अशा वाकड्या दात्यांवर नवी चेन चढवली तर तिचे रोलर दात्यात अडकत सुटतात आणि ती लवकर जुनी होते. उलटंही तसंच: जुनी चेन नव्या दात्यांना आपल्या वळणावर नेते. म्हणून बदलायचा तो चेन आणि दोन्ही चक्रं असा पूर्ण सेट. आणि म्हणून दोन कड्या काढणं हा उपाय नव्हे. लांबी परत येते, पिच परत येत नाही.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम काढलं. गाडी मेन स्टँडवर. यात एकच क्रम चुकवायचा नाही: पुढच्या चक्राचे बोल्ट चेन काढायच्या आधी ढिले करायचे. मुलीला सीटवर बसवून मागचा ब्रेक दाबून ठेवायला सांगितला. ब्रेकनं चाक धरलं, चाकानं चेन, चेननं पुढचं चक्र. चेन आधी काढलीत तर पाना फिरवताना चक्रही फिरतं आणि मग पक्कड, हातोडी आणि शेजाऱ्यांचे सल्ले. माझ्या गाडीला लॉक प्लेटचे दोन १० नंबरचे बोल्ट आहेत, सोपं काम. काही गाड्यांना एकच मोठा नट आणि दुमडलेला वॉशर असतो, तिथे आधी वॉशर सरळ करावा लागतो. कव्हरच्या आत ग्रीस आणि मातीचा काळा लगदा साचलेला असतो, तो खरवडून काढा.

मग लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप काढून चेन सोडली, एक्सल ओढून चाक बाहेर. मागचं चक्र बदलताना हबमधले रबर पाहून घ्या, ते दबलेले असतील तर गिअर टाकताना धक्का बसत राहणार आणि दोष नव्या चेनला लागणार. नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. नवी चेन चढवली, कड्या मोजून घेतल्या, लॉक लावलं. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते तिकडे, म्हणजे वरच्या बाजूला पुढे. उघडी बाजू पुढे राहिली आणि कशाला घासली तर क्लिप निघून जाऊ शकते.

ढिलाई, म्हणजे चेन मध्यावर बोटानं किती वर-खाली हलते ते, किती ठेवायची हे आपापल्या गाडीच्या पुस्तिकेत असतं, माझ्या पुस्तिकेत २० ते ३० मिलिमीटर आहे. ही ढिलाई हवी कशाला? मागचं चाक खड्ड्यात वर-खाली होतं ते स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खिळीभोवती, आणि पुढचं चक्र असतं त्या खिळीच्या पुढे. त्यामुळे चाक हलताना दोन चक्रांमधलं अंतर बदलतं. चक्र, खिळ आणि एक्सल एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त. त्या क्षणी चेन ताठ असेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. म्हणून चेन नेहमी किंचित ढिली. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी तपासा आणि सर्वांत ताठ जागा धरून बसवा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या की एक्सल आवळा.

चेन पुसताना किंवा तेल देताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. हातानं फिरवा. फडकं दात्यात गेलं की बोट त्याच्या मागोमाग जातं, आणि हे पाऊण सेकंदात होतं.

जुन्या चेनचा एक सांधा मी ग्राइंडरनं उघडला. पिन एका बाजूनं गुळगुळीत चकाकत होती आणि नखाला लागेल अशी खाच पडली होती. ती घेऊन कोपऱ्यावर गेलो. मेकॅनिकनं नखानं दोनदा चाचपली, मग हाताखालच्या पोराला दाखवली. "पट्टी नाय ताणली म्हणता?" म्हणाला. पट्टी त्यानंच मोजली, कॅलिपरनं.

नव्या चेनचे ५०० किलोमीटर झाले तेव्हा ढिलाई थोडी वाढलेली सापडली. सुरुवातीला तसं होतं, नव्या पिना आणि बुशवरचे बारीक उंचवटे घासून बसतात. अ‍ॅडजस्टर दोन्हीकडे सारखे फिरवून ती परत २५ वर आणली आणि मोजपट्टी लावली. वीस कड्या, २५४.