शहर अडलं की सायकल : पॅरिस ऑलिंपिकच्या आधीची गोष्ट

१८ जुलै २०२४. ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आठ दिवस बाकी होते. त्या दिवसापासून पॅरिसमध्ये सेन नदीच्या दोन्ही काठांना लोखंडी जाळीच्या कुंपणांआडचा ‘करडा पट्टा’ लागू झाला. आत जायचं तर मोबाइलवर क्यूआर कोड दाखवायचा, आणि तो कोड मिळणार आत घर असेल, नोकरी असेल किंवा हॉटेलात बुकिंग असेल तरच. पायी चालणाऱ्यालाही हाच नियम, सायकलवाल्यालाही हाच. रोज नदीकाठच्या रस्त्याने सरळ ऑफिसला जाणारा माणूस कुंपणापाशी उतरतो, पोलिसाशी थोडी हुज्जत घालतो आणि मुकाट्याने हँडल वळवून लांबच्या पुलाकडे निघतो, असा तो आठवडा गेला. करड्या पट्ट्याबाहेर ‘लाल पट्टा’ होता. तिथे मोटारींना मज्जाव होता, सायकलला मात्र कुणी अडवत नव्हतं.

आणि सायकल सोडून दुसरं काय परवडणार होतं, हाही प्रश्नच होता. २० जुलैपासून मेट्रोचं एकेरी तिकीट २.१५ युरोवरून थेट ४ युरोवर गेलं, ते पॅरालिंपिक संपेपर्यंत, म्हणजे ८ सप्टेंबरपर्यंत तसंच राहिलं. (पासवाल्यांना याची झळ नव्हती, पण सगळेच काही पास काढत नाहीत.) काँकॉर्दसारखं मध्यवर्ती मेट्रो स्टेशन १७ जूनपासूनच बंद. रस्त्यांवर १८५ किलोमीटरच्या मार्गिका खेळाडू, पदाधिकारी आणि अधिकृत गाड्यांसाठी राखून ठेवलेल्या. प्रेक्षकांनी मेट्रो-रेल्वेने, पायी किंवा सायकलने यावं, स्वतःची मोटार आणू नये, हे आयोजकांचं धोरण होतं. त्यासाठी स्टेडियमं जोडणारे साठेक किलोमीटरचे सायकलमार्ग तयार केले. पॅरिसकर त्यांना ‘ऑलिंपिस्त’ म्हणू लागले. फ्रेंचमध्ये सायकलच्या वाटेला ‘पिस्त’ म्हणतात, त्यावरून हा शब्द. भाड्याच्या ‘वेलिब’ सायकलींच्या ताफ्यात ३,००० सायकलींची भर पडली आणि स्टेडियमबाहेर तात्पुरते सायकलतळ उभे राहिले.

हे सगळं ऑलिंपिकने पॅरिसला दिलं, असं तेव्हा बऱ्याच बातम्यांत वाचायला मिळालं. मला ते पटत नाही. पॅरिसचा सायकलचा इतिहास उलगडला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : या शहराला सायकल आठवते ती शहर अडतं तेव्हा. २०२४ मध्ये ते खेळांमुळे अडलं, एवढंच.

पायडल मारून चालवायचं दुचाकी यंत्र मुळात फोफावलं पॅरिसमध्येच. १८६० च्या दशकात मिशो नावाच्या लोहाराच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल असलेली यंत्रं बाहेर पडू लागली. ३१ मे १८६८ ला सां-क्लू उद्यानात शर्यती झाल्या, तर पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ ही गावाहून गावाला जाणारी शर्यत. तेव्हा हा श्रीमंतांचा शौक होता आणि शौक दिसला की सरकारला कर सुचतो. १८९३ पासून फ्रान्समध्ये सायकलीवर वर्षाला १० फ्रँक कर लागला आणि काही वर्षांनी तो भरल्याची खूण म्हणून सायकलला धातूची पट्टी लावावी लागू लागली. आपल्याकडच्या जुन्या पिढीला नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवत असेल. तो नसला की हवालदार चौकात थांबवायचा. बिल्ला तिकडेही होता.

पॅरिसमध्ये याआधी दोनदा ऑलिंपिक झालं, १९०० आणि १९२४ मध्ये. दोन्ही वेळी ट्रॅकवरच्या शर्यती शहराच्या पूर्वेला व्हँसेनच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानावर, झाल्या. १९२४ ची रस्त्यावरची शर्यत १८८ किलोमीटरची होती. कोलोंबच्या स्टेडियममधून सुटून तिथेच संपणारी. हे कोलोंब लक्षात असू द्या, पुन्हा येणार आहे.

मग जर्मन ताब्याची वर्षं आली. पेट्रोल मिळेना, टॅक्स्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या आणि सायकलला मागे डबा जोडून माणसं वाहून नेणाऱ्या ‘वेलो-टॅक्सी’ धावू लागल्या. पॅरिस सगळंच्या सगळं सायकलवर आलं. याच काळात, जुलै १९४२ मध्ये, आयफेल टॉवरजवळच्या हिवाळी वेलोड्रोममध्ये हजारो ज्यू कुटुंबांना डांबून तिथून छळछावण्यांकडे पाठवलं गेलं. सायकल शर्यतींसाठी गाजलेलं ते सभागृह पुढे १९५९ मध्ये पाडलं. युद्ध संपलं, पेट्रोल परत आलं आणि लोकांनी सायकल सोडली ती इतकी झपाट्याने की, वीसेक वर्षांत ती चालवणारा माणूस एक तर पोरगा, नाही तर गरीब, नाही तर विक्षिप्त समजला जाऊ लागला. १९६७ मध्ये सेनच्या उजव्या काठावर मोटारींसाठी वेगवान रस्ता खुला झाला. त्याला नाव मिळालं तेव्हाच्या पंतप्रधानांचं, जॉर्ज पोंपिदू यांचं. शहरानेच मोटारीशी जुळवून घ्यायला हवं, या मताचे ते गृहस्थ.

१९८२ मध्ये, जाक शिराक महापौर असताना, रस्त्यावर हिरव्या रंगाचे पट्टे मारून ‘सौजन्याच्या मार्गिका’ काढल्या गेल्या. कठडा नाही, दुभाजक नाही, एका बाजूने बस, दुसऱ्या बाजूने मोटारी आणि मधून सायकलवाल्याने दोघांच्या सौजन्यावर भरवसा ठेवून जायचं. लोकांनी त्यांना ‘मृत्यूच्या मार्गिका’ म्हणायला सुरुवात केली. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन सायकलमार्ग तयार होतो, हा समज आपल्याही शहरांतून गेलेला नाही.

खरं वळण आलं ते १९९५ च्या हिवाळ्यात. पंतप्रधान आलँ ज्युपे यांच्या सुधारणांविरुद्ध नोव्हेंबरच्या अखेरीस संप सुरू झाला आणि जवळपास तीन आठवडे पॅरिसची मेट्रो, बस, लोकल सगळं ठप्प. थंडी कडाक्याची. लोक अनोळखी गाड्यांना हात दाखवू लागले, चाकाचे बूट घालून ऑफिसला निघाले आणि ज्यांच्या तळघरात जुनी सायकल गंजत पडली होती त्यांनी ती वर काढली, हवा भरली. संप मिटला तेव्हा दोन गोष्टी कळून चुकल्या होत्या. एक म्हणजे पॅरिस हे अगदी छोटं शहर आहे. शहराभोवतीच्या वळणरस्त्याच्या आतलं पॅरिस शंभरेक चौरस किलोमीटरचंच, पूर्वेकडून पश्चिमेला सायकलने तास पुरतो. आणि दुसरी, की सायकल चालवायला धड रस्ताच नाही. महापौर जाँ तिबेरी हे काही सायकलचे भक्त नव्हते. पण जानेवारी १९९६ मध्ये शहराची सायकल योजना जाहीर झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांच्यानंतर २००१ मध्ये आलेल्या बेर्त्रां देलानोए यांनी बसच्या मार्गिका रुंद केल्या, त्यांना दगडी कडा घातल्या आणि सायकलींना त्यात शिरू दिलं.

१५ जुलै २००७ ला वेलिब आली. ‘वेलो’ म्हणजे सायकल आणि ‘लिबेर्ते’ म्हणजे स्वातंत्र्य, या दोन शब्दांचा सांधा. कल्पना नवी नव्हती. आम्स्टरडॅममध्ये १९६५ सालीच काही बंडखोर तरुणांनी पांढऱ्या सायकली रस्त्यावर फुकट सोडल्या होत्या, ल्यों शहरात २००५ पासून भाड्याच्या सायकली धावत होत्या. पॅरिसचं वेगळेपण आकारात होतं : पहिल्याच दिवशी सुमारे १०,००० सायकली आणि ७५० स्टेशनं. पहिला अर्धा तास फुकट. पैसे कुठून आले? जाहिरातींतून. जेसीदेको या कंपनीने यंत्रणा चालवायची आणि त्या बदल्यात शहरातले सोळाशेच्या आसपास जाहिरात फलक तिला मिळायचे, असा सौदा होता.

वेलिबच्या स्टेशनवर पाच मिनिटं उभं राहिलं तर पॅरिसकराचा स्वभाव कळतो. सायकल जड, वीस किलोच्या पुढे. ओळीत वीस उभ्या असतात, त्यातल्या तीन-चारांची सीट उलटी फिरवलेली. ते आधीच्या माणसाने पुढच्यासाठी ठेवलेलं चिन्ह : हिला हात लावू नकोस, बिघडली आहे. हा नियम कोणी छापलेला नाही, लोकांनीच पाडला. जाणकार माणूस सायकल काढण्याआधी टायर अंगठ्याने दाबतो, पायडल उलटं फिरवून चेन बघतो, ब्रेक दाबतो. नवखा पाहुणा सरळ मोबाइल लावतो आणि पन्नास पावलांवर परत येतो.

दुसरी खोड उताराची. माँमार्त्रच्या टेकडीवर राहणारे सकाळी सायकल घेऊन झोकात खाली यायचे आणि संध्याकाळी मेट्रोने वर जायचे. वरची स्टेशनं रिकामी, खालची तुडुंब, आणि रोज ट्रकमधून सायकली वर वाहायच्या. शेवटी उंचावरच्या स्टेशनला सायकल नेऊन लावणाऱ्याला पंधरा मिनिटं जादा फुकट, अशी लालूच दाखवावी लागली. फार लोक बधले नाहीत. त्यात चोऱ्या आणि मोडतोड. पहिल्या दोन-तीन वर्षांतच हजारो सायकली गायब झाल्या, काही थेट सेनच्या तळाशी सापडल्या. २०१८ च्या सुरुवातीला कंत्राट नव्या कंपनीकडे गेलं, हिरव्या साध्या आणि निळ्या विजेवरच्या सायकली आल्या, पण कित्येक स्टेशनांना वीजजोडच नव्हता. ते अख्खं वर्ष पॅरिसकरांनी वेलिबच्या नावाने बोटं मोडली.

आन इदाल्गो २०१४ मध्ये महापौर झाल्या. ज्या पोंपिदू रस्त्यावरून मोटारी धावत होत्या, त्याचा मधला भाग त्यांनी २०१६ मध्ये मोटारींना कायमचा बंद केला. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. शहरभर सायकलमार्गांची कामं निघाली आणि मोटारवाल्यांचा संताप इतका की, खोदलेल्या रस्त्यांवरून महापौरांची रोज खिल्ली उडे. पण त्यांच्या मदतीला पुन्हा संप आला. ५ डिसेंबर २०१९ पासून पेन्शनच्या प्रश्नावर मेट्रो बंद पडली, फक्त चालकाविना धावणाऱ्या १ आणि १४ क्रमांकाच्या गाड्या नीट चालू राहिल्या. त्यातून शहर सावरतंय तोवर कोरोना. मे २०२० मध्ये रू द रिव्होली, म्हणजे लूव्ह्र संग्रहालयासमोरून जाणारा तो सरळसोट रस्ता, खासगी मोटारींना बंद झाला. पिवळे पट्टे आणि सिमेंटचे ठोकळे टाकून पन्नासेक किलोमीटरच्या ‘कोरोनापिस्त’ काही आठवड्यांत उभ्या राहिल्या. तात्पुरत्या म्हणून. पुढे ठोकळ्यांच्या जागी पक्की कड आली.

‘ऑलिंपिस्त’ हा शब्द याच ‘कोरोनापिस्त’वरून घडला. त्या शब्दातच सगळी वंशावळ आहे.

खेळांच्या तीन महिने आधी, एप्रिल २०२४ मध्ये, एक पाहणी प्रसिद्ध झाली. पॅरिस शहराच्या आतल्या फेऱ्यांपैकी ११.२ टक्के सायकलवर होत होत्या, मोटारीतून फक्त ४.३ टक्के. म्हणजे ऑलिंपिकची ज्योत शहरात पोचण्याआधीच सायकलने मोटारीला मागे टाकलेलं होतं.

नुसता ऑलिंपिकचा शिक्का पुरत नाही, याचं उदाहरण लंडनचं. २०१२ च्या ऑलिंपिकआधी तिथेही भाड्याच्या सायकली आल्या होत्या, तिथेही प्रेक्षकांनी मोटार आणू नये असं सांगितलं होतं. पण ऑलिंपिक पार्कला लागून जाणारी ली नदीकाठची वाट, जिच्यावरून पूर्व लंडनचे लोक रोज सायकलने कामाला जायचे, तीच सुरक्षेसाठी जुलैपासून बंद केली गेली. उद्घाटनाच्या रात्री, २७ जुलैला, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नेहमी निघणारी सायकलफेरी निघाली आणि पोलिसांनी १८२ सायकलस्वारांना अटक केली. बाहेर ही धरपकड चालू होती आणि स्टेडियमच्या आत उद्घाटन सोहळ्यात पंख लावलेले सायकलस्वार नाचत होते.

नदीकाठ सोडला तर पॅरिसमध्ये असं झालं नाही. तिथला सर्वांत चांगला सायकलरस्ता उत्तरेचा होता : ला व्हिलेतपासून सां-दनी कालव्याच्या काठाने थेट स्ताद द फ्रान्सपर्यंत, साडेसहा किलोमीटरचा कालवा, चढ जवळपास नाहीच. ७ ऑगस्टच्या रात्री बीडचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला (अकरावा आला) तो याच स्टेडियममध्ये. स्टेडियम आणि नवा जलतरण तलाव यांच्यामध्ये महामार्ग आडवा येतो, त्यावरून पायी आणि सायकलने जाण्यासाठी नवा पूल बांधला. भारताच्या हॉकी संघाने स्पेनला २-१ ने हरवून कांस्यपदक घेतलं ते कोलोंबला, शंभर वर्षांपूर्वी सायकलची शर्यत जिथून सुटली त्याच मैदानाच्या आवारात. आमच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं कांस्य बघायचं असतं तर मात्र सायकलचा काही उपयोग नव्हता. ते झालं शातोरूला, पॅरिसपासून अडीचशे किलोमीटरच्या वर. तिथे जायला रेल्वेच हवी होती, आणि स्वप्नील स्वतः तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

त्या वर्षी पॅरिसला तूर द फ्रान्सचा, म्हणजे फ्रान्सभर फिरणाऱ्या सायकल शर्यतीचा, मुक्काम मात्र मिळाला नाही. ऑलिंपिकच्या बंदोबस्तात शर्यतीला जागा नव्हती, म्हणून इतिहासात पहिल्यांदा तूर पॅरिस सोडून नीस शहरात संपली. त्याची भरपाई ३ ऑगस्टला झाली. ऑलिंपिकची पुरुषांची रस्त्यावरची शर्यत २७३ किलोमीटरची होती आणि शेवटी माँमार्त्रच्या रू लपिकवरून, फरसबंदी चढावरून फिरत होती. दोन्ही बाजूंना लोकांची अशी दाटी की, मध्ये दोन सायकली जेमतेम मावाव्यात. बेल्जियमचा रेम्को एव्हनपुल एकटाच पुढे निघाला, शेवटचे चारेक किलोमीटर राहिले असताना पंक्चर झाला, दुसरी सायकल मिळेपर्यंत संघाच्या गाडीकडे बघून ओरडला आणि तरी मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. आयफेल टॉवरच्या समोर तो सायकलवरून उतरला आणि हात पसरून उभा राहिला.

९ सप्टेंबरला मेट्रोचं तिकीट पुन्हा २.१५ युरोवर आलं. कुंपणं त्याआधीच निघाली होती. पुढच्या वर्षी तूर पॅरिसला परतली ती माँमार्त्रचा चढ सोबत घेऊन : २७ जुलै २०२५ ला, शेवटच्या दिवशी, रू लपिक तीन वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरचे लोक नेहमीसारखे वेलिब काढून, ब्रेकवर बोटं ठेवून, उताराने खाली कामाला गेले.