हॉपमन कप ते युनायटेड कप: मिश्र सांघिक टेनिसची वाटचाल

देशादेशांमधलं टेनिस म्हटलं की आधी डेव्हिस कप आठवतो. तो १९०० सालचा आणि फक्त पुरुषांचा. महिलांसाठी तशी स्पर्धा, म्हणजे फेडरेशन कप, सुरू व्हायला १९६३ उजाडलं. पुरुष आणि महिला एकाच संघातून देशासाठी खेळतात, त्यांच्या निकालांची बेरीज होते आणि गरज पडली तर दोघं मिळून शेवटचा सामना खेळतात, ही कल्पना नीट रुजायला त्यानंतरही पाव शतक गेलं. ती रुजली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थमध्ये.

पॉल मॅकनामी आणि चार्ली फॅनकट या दोन माजी खेळाडूंनी १९८८च्या डिसेंबरअखेरीस हॉपमन कप सुरू केला. नाव दिलं हॅरी हॉपमन यांचं. डेव्हिस कपमध्ये ऑस्ट्रेलियाला १६ विजेतेपदं मिळवून देणारा कडक शिस्तीचा कर्णधार, ही त्यांची ओळख. पण मिश्र स्पर्धेला त्यांचं नाव शोभतं ते वेगळ्याच कारणाने. हॅरी आणि त्यांच्या पत्नी नेल यांनी जोडीने ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद स्पर्धेतलं मिश्र दुहेरीचं विजेतेपद चार वेळा पटकावलं होतं. फेडरेशन कप व्हावा म्हणून पाठपुरावा करणाऱ्यांतही नेल हॉपमन आघाडीवर होत्या. हॅरी १९८५मध्ये गेले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी लूसी मात्र स्पर्धेच्या मानद आश्रयदात्या म्हणून अमेरिकेहून पर्थला येत राहिल्या.

स्पर्धेची मांडणी अगदी सुटसुटीत. प्रत्येक देशाचा एक पुरुष, एक महिला. एक पुरुष एकेरी, एक महिला एकेरी, मग मिश्र दुहेरी. सामने बर्सवुड डोमच्या छताखाली होत, त्यामुळे पर्थच्या उन्हाळ्याचा त्रास नाही. क्रमवारीचे गुण नाहीत, पण ऑस्ट्रेलियन ओपनच्या तोंडावर चांगले सामने हमखास मिळत, कारण गटातली एक लढत हरलं तरी पुढच्या लढतीसाठी पुन्हा कोर्टवर उतरायचंच असे. नाताळानंतरच्या सुट्टीच्या दिवसांत नामवंत खेळाडू एवढ्या लांब येत, त्याचं मोठं कारण हेच. पहिला कप मिलोस्लाव मेचिर आणि हेलेना सुकोवा यांच्या चेकोस्लोव्हाकियाने नेला. पुढे स्टेफी ग्राफ आणि मिखाएल श्टिश यांनी तो जर्मनीला मिळवून दिला, तर २००१मध्ये मार्टिना हिंगीस आणि अवघा १९ वर्षांचा रॉजर फेडरर यांनी स्वित्झर्लंडला.

गुण नसले म्हणून कुणी गंमत म्हणून खेळत होतं, असं मात्र समजू नये. १९९६ची अंतिम लढत क्रोएशिया आणि स्वित्झर्लंड यांच्यात होती. एकेरीत बरोबरी झाली आणि निकाल मिश्र दुहेरीवर आला. ऐन मोक्याच्या क्षणी स्वित्झर्लंडच्या मार्क रोसेने वैतागून कोर्टच्या कडेच्या फलकावर ठोसा मारला आणि स्वतःचाच हात मोडून घेतला. सामना तिथेच सोडावा लागला, कप क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविच आणि इव्हा मायोली यांच्याकडे गेला. रोसेची जोडीदार, पंधरा वर्षांची हिंगीस, तिला रडू आवरेना.

भारतही इथे खेळला आहे. सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा ही जोडी २००७ आणि २००८मध्ये पर्थला उतरली होती.

मग २०१९नंतर पर्थचा हॉपमन कप बंद का पडला? टेनिसचा कारभार एका हाती नाही. पुरुषांची संघटना वेगळी, महिलांची वेगळी, आंतरराष्ट्रीय महासंघ तिसरा. हॉपमन कप महासंघाच्या छत्राखाली होता. २०१८मध्ये महासंघाने डेव्हिस कपचं रूप पार बदलून टाकलं आणि त्याच सुमारास पुरुषांच्या संघटनेने स्वतःची सांघिक स्पर्धा काढली: एटीपी कप. २४ देश, दीड कोटी डॉलरची बक्षिसं, क्रमवारीचे गुण आणि महिला एकही नाही. जानेवारीचा पहिला पंधरवडा तिने व्यापला आणि पर्थचं स्टेडियमही घेतलं. याच फेरमांडणीत पुण्यातल्या बालेवाडीची महाराष्ट्र ओपन २०२०मध्ये जानेवारीतून फेब्रुवारीत गेली. ब्रिस्बेनमध्ये तर मुख्य कोर्ट एटीपी कपला दिलं गेलं आणि महिलांच्या स्पर्धेचे सुरुवातीचे सामने बाहेरच्या कोर्टवर झाले. अमेरिकेच्या स्लोन स्टीव्हन्सने जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि माझ्या मते ती रास्तच होती.

विशेष म्हणजे पर्थचा हॉपमन कप गर्दीअभावी बंद पडला नाही. १ जानेवारी २०१९ला फेडरर आणि सेरेना विल्यम्स कारकिर्दीत पहिल्यांदाच समोरासमोर आले, तेही मिश्र दुहेरीत. दोघंही ३७ वर्षांचे, दोघांची मिळून एकेरीतली ४३ ग्रँडस्लॅम विजेतेपदं. १४ हजारांवर प्रेक्षक होते. चार गेमच्या छोट्या सेटमध्ये फेडरर आणि त्याची जोडीदार बेलिंडा बेन्चिच जिंकले. नंतर अंतिम फेरीत जर्मनीविरुद्ध मिश्र दुहेरीचा शेवटचा टायब्रेक ४-४ झाला, पुढचा एकच गुण कप ठरवणार होता, आणि तो स्वित्झर्लंडला मिळाला. फेडररचा हा तिसरा कप.

एटीपी कप तीनच वर्षं टिकला. २०२२च्या डिसेंबरअखेरीस पुरुष आणि महिलांच्या संघटनांनी टेनिस ऑस्ट्रेलिया या तिथल्या संघटनेसोबत युनायटेड कप सुरू केला. १८ देश, मिश्र संघ आणि दोन्ही क्रमवाऱ्यांचे गुण. पहिल्या वर्षी एका लढतीत पाच सामने होते. ते फारच लांबले म्हणून २०२४पासून दोन एकेरी आणि एक मिश्र दुहेरी, म्हणजे हॉपमन कपचाच जुना साचा. त्याच वर्षीच्या अंतिम लढतीत जर्मनीच्या झ्वेरेवने पोलंडच्या हुरकाचविरुद्ध हरायला एकच गुण बाकी असताना दोनदा सामना वाचवला, तो जिंकला आणि मग लॉरा सीगमुंडबरोबर मिश्र दुहेरी जिंकून पोलंडच्या हातातला कप जर्मनीकडे खेचला. हॉपमन कपचं नाव घेऊन महासंघाने २०२३मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे जुलैत, लाल मातीवर वेगळी स्पर्धा घेतली, पण पर्थची सर तिला आली नाही.

युनायटेड कपमध्ये प्रवेश ठरतो तो प्रामुख्याने देशाच्या अव्वल एकेरी खेळाडूंच्या क्रमवारीवर. भारताची अडचण तिथेच आहे. २०२४च्या जानेवारीत बोपण्णा ४३व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला. पण एकेरीत तेवढ्या वर कुणी नसल्यामुळे त्या वर्षीच्या १८ देशांत भारताचं नाव नव्हतं.