चार सेकंदांच्या क्लिपची जिफ होते तेव्हा ब्राउझर काय करतो?

मोबाइलवर काढलेल्या क्लिपची जिफ, म्हणजे आवाज नसलेले, पुन्हा पुन्हा फिरणारे छोटे चलचित्र, केली की फाइल लहान होईल, असे अनेकांना वाटते. आवाज गेला, लांबी-रुंदी घटली, रंगही कमी झाले, मग वजन उतरायलाच हवे. प्रत्यक्षात जिफ मूळ एमपी4 व्हिडिओ फाइलपेक्षा कितीतरी पट जड निघू शकते. कारण तिच्या जन्मात आहे. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये हा फॉरमॅट तयार केला, तो मंद मोडेमवरून रंगीत चित्रे पाठवता यावीत म्हणून. 1989 च्या आवृत्तीत प्रत्येक चित्र किती वेळ दिसावे हे ठरवण्याची आणि एक रंग पारदर्शक ठेवण्याची सोय आली. अखंड फिरत राहण्याची सोय तर नंतर नेटस्केप ब्राउझरने जोडली. व्हिडिओचा विचार त्यात कुठेच नव्हता.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम. एमपी4 मध्ये ‘हा तुकडा मागच्या फ्रेममधून चार पिक्सेल उजवीकडे सरकला’ अशी नोंद करून भागते. जिफला सरकणे कळत नाही. तिच्या लेखी प्रत्येक फ्रेम हे नव्याने रंगवायचे चित्र. चार सेकंद, 480 गुणिले 270 पिक्सेल आणि सेकंदाला 10 फ्रेम घेतल्या तर 40 फ्रेम होतात. एका फ्रेममध्ये 1,29,600 पिक्सेल, प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे दाबून लहान करण्याआधीच 51,84,000 बाइट. रुंदी दुप्पट केली की त्याच प्रमाणात उंचीही वाढते आणि हा आकडा चौपट होतो, म्हणून आकार कमी करायचा तर पहिली कात्री रुंदीला लावावी.

हे सारे काम आता सर्व्हरशिवाय, ब्राउझरच्या टॅबमध्येच होते. क्लिप पानावरच्या व्हिडिओ घटकात उघडते, ठरलेल्या क्षणावर नेली जाते, तिथली फ्रेम कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र रंगवायच्या जागेवर, उतरवली जाते आणि कॅनव्हासवरचे पिक्सेल वाचून एन्कोडरकडे, म्हणजे जिफ फाइल बांधणाऱ्या भागाकडे, दिले जातात. दुसरा मार्ग एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या जुन्या, भरवशाच्या प्रणालीचा वेबअसेंब्लीत (ब्राउझरमध्ये जड प्रोग्राम चालवण्याच्या स्वरूपात) रूपांतरित केलेला अवतार. तो पहिल्यांदा उतरवायलाच कित्येक मेगाबाइट लागतात, पण हाताशी पर्याय भरपूर येतात. एखादी साइट खरोखर तुमच्याच यंत्रावर काम करते का, हे तपासणे सोपे आहे. एकदा छोटी क्लिप रूपांतरित करा, मग इंटरनेट बंद करून त्याच उघड्या पानावर दुसरी द्या. काम झाले तर व्हिडिओ बाहेर जात नाही. घरच्या मुलांच्या क्लिप असतील तर एवढी खात्री करून घ्यावीच.

व्हिडिओ ‘2.3 सेकंदांवर जा’ म्हटल्याबरोबर तिथे पोहोचत नाही. पोहोचल्याची सूचना ब्राउझर नंतर देतो. रूपांतर करणाऱ्या साधनाने ती येण्याआधीच कॅनव्हासवर चित्र घेतले तर मागचीच फ्रेम दोनदा येते आणि जिफ अडखळते. बरोबर दोन फ्रेमच्या सीमेवरची वेळ मागितली तरी असेच घडू शकते, म्हणून अर्धी फ्रेम पुढची वेळ मागणे शहाणपणाचे. काही साधने क्लिप चालवता चालवता फ्रेम टिपतात. अशा वेळी दुसऱ्या टॅबवर गेलात तर ब्राउझर मागच्या टॅबचे काम मंदावतो आणि मधल्या फ्रेम गळतात.

दुसरी ठेच स्मृतीची. कॅनव्हासवरून वाचलेल्या प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. 1920 गुणिले 1080 ची एक फ्रेम म्हणजे 82,94,400 बाइट. दहा सेकंदांच्या, सेकंदाला 30 फ्रेमच्या क्लिपमधल्या 300 फ्रेम एकदम साठवल्या तर सुमारे 2.5 गिगाबाइट होतात आणि साध्या फोनवर टॅब कोसळतो. चांगले साधन फ्रेम आधी लहान करते, लगेच एन्कोड करते आणि टाकून देते. क्लिप उघडतच नसेल, नुसता काळा चौकोन दिसत असेल, तर बहुधा ती आयफोनची एचईव्हीसी फाइल असते. व्हिडिओ दाबण्याची ही पद्धत प्रत्येक ब्राउझरला उलगडता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केला की पुढच्या क्लिप एच.264 या जुन्या, बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या पद्धतीत येतात.

आता वेगाकडे. जिफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात आणि पूर्णांकातच लिहिता येतो. सेकंदाला 12 फ्रेम म्हणजे प्रत्येकी 8.33 भाग, पण लिहायचे 8. त्यामुळे तीन सेकंदांची क्लिप 2.88 सेकंदांत संपते. 30 फ्रेमचा वेगही नेमका जमत नाही. 10, 12.5, 20 आणि 25 हे वेग मात्र अनुक्रमे 10, 8, 5 आणि 4 भागांत चपखल बसतात. अतिउत्साहाने 1 भाग लिहिला तर गंमत होते. ब्राउझर एवढा कमी वेळ ग्राह्य धरत नाहीत, त्याऐवजी 10 भाग घेतात आणि वेगवान व्हायची ती जिफ रांगू लागते. बोलणाऱ्या माणसाला किंवा हातांच्या हालचालीला 10 ते 12.5 पुरतात. नाच आणि खेळ यांना 20 लागतात.

रंगांचा भाग सर्वात नाजूक. एका फ्रेमला जास्तीत जास्त 256 रंगांचा पॅलेट, म्हणजे ठरलेल्या रंगांचा संच, मिळतो. तो फक्त पहिल्या फ्रेमवरून बनवला आणि तिसऱ्या सेकंदाला लाल साडी चौकटीत आली, तर ती विटकरी दिसते. प्रत्येक फ्रेमला वेगळा पॅलेट दिला तर 768 बाइट वाढतात, ते परवडते, पण स्थिर भिंतीचा रंग दर फ्रेमला किंचित बदलून लुकलुकतो. म्हणून आधी संपूर्ण क्लिप पाहून एकच पॅलेट बनवायचा आणि दुसऱ्या फेरीत तो वापरायचा, ही पद्धत उजवी. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी ‘पॅलेटजेन’ आणि ‘पॅलेटयूज’ अशी दोन फिल्टर आहेत.

नसलेल्या छटांचा भास शेजारी-शेजारी वेगळे रंग पेरून करतात, ते डिदरिंग. 1976 ची फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत प्रत्येक पिक्सेलची चूक पुढच्या पिक्सेलांवर वाटते. स्थिर चित्रात ती देखणी, पण चलचित्रात एका कोपऱ्यातला बदल खालपर्यंत झिरपतो आणि पार्श्वभूमी मुंग्यांनी भरल्यासारखी वळवळते. बेयर पद्धतीत ठिपक्यांची जाळी जागेला बांधलेली असते. ती थोडी ढोबळ दिसते, तरी चलचित्रासाठी तीच निवडावी.

फाइल किती दबेल हेही यावरच ठरते. जिफमधली एलझेडडब्ल्यू पद्धत ओळीने पिक्सेल वाचते आणि पुन्हा आलेल्या मालिकांना छोटे कोड देते. एकसारखे रंग सलग असले की ती खुलते आणि फाइल लहान होते, बारीक ठिपके विखुरले की थकते. हुशार एन्कोडर मागच्या फ्रेमपेक्षा न बदललेले पिक्सेल पारदर्शक करून टाकतो, त्यामुळे लांबच लांब सारख्या मालिका मिळतात. पण कॅमेरा हातात हलत असेल तर न बदललेला पिक्सेलच सापडत नाही. संध्याकाळी मंद उजेडात काढलेल्या क्लिपमध्ये कॅमेरा स्थिर असूनही सेन्सरचा गोंगाट, म्हणजे अंधारात चित्रात उमटणारे बारीक ठिपके, हेच करतो. फोन टेकवून ठेवा आणि खिडकीजवळ चित्रण करा. नंतर सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा याचा फायदा जास्त होतो. स्क्रीन रेकॉर्डिंग याच कारणाने जिफला मानवते. तिथे डिदरिंग बंद ठेवून 32 किंवा 64 रंग घेतले तरी अक्षरे स्वच्छ राहतात.

जिथे जिफ लागतच नाही तिथे ती करू नये. वॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘जिफ’ मुळात आवाज नसलेला एमपी4 असतो. ईमेलमध्ये मात्र व्हिडिओ आपोआप चालेल याची खात्री नसते, तिथे जिफ कामाची. एकच अडचण, विंडोजवरच्या आउटलुक या ईमेल प्रोग्रामच्या 2007 ते 2016 या आवृत्त्या जिफची पहिलीच फ्रेम दाखवतात. तेव्हा ईमेलसाठीच्या क्लिपची सुरुवात रिकाम्या टेबलाने न करता, जे दाखवायचे ते पहिल्याच फ्रेममध्ये येईल अशी कापा.