ऊसतोडीचा हंगाम, मतदानाचा दिवस आणि गाडीचं भाडं

२०१७ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी १६ आणि २१ फेब्रुवारीला मतदान झाले. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन भर. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेल्या टोळ्या तेव्हा सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतात आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. नाव गावच्या यादीत, माणूस फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. २०२४ ची विधानसभा निवडणूकही २० नोव्हेंबरला, म्हणजे हंगाम सुरू होण्याच्या तोंडावरच झाली.

या मजुरांचा मताधिकार कोणी काढून घेतलेला नाही. तो बजावायला पैसे किती लागतात, हा प्रश्न आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार मतदार ज्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहतो’ तिथे त्याचे नाव नोंदले जाते. हंगामापुरते बाहेर गेल्याने गावचे राहणे संपत नाही, हे कलम २० मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे कायदा मजुराच्या बाजूने आहे. अडचण पडताळणीत येते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येतो, दाराला कुलूप असते आणि नावापुढे ‘गैरहजर’ किंवा ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदार यादीच्या घरोघरच्या फेरतपासणीत, मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. त्यांतली साधारण ३६ लाख कायमची स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेली होती, असे निवडणूक आयोगाचेच म्हणणे होते. हे काम झाले जून-जुलैत, लाखो बिहारी मजूर परराज्यांत असताना.

मग नाव कामाच्या गावीच का नेत नाहीत? नमुना ८ भरून ते नेता येते. बेघर माणसाला तर पत्त्याचा कागदही लागत नाही. अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तिथे झोपतो का, एवढे पाहायचे असते. पण ऊसतोड टोळी एका जागी टिकत नाही, फड संपला की कोपी हलते. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. विधानसभेसाठी नाव हलवले की सरपंचाच्या निवडणुकीतले मतही गेले. गावात घर, रेशनकार्ड, भावकी असलेला माणूस ते सोडत नाही, आणि त्यात चूक काही नाही.

टपाली मत सैनिकाला मिळते, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्याला मिळते, ८५ वर्षांवरील मतदाराला घरी मत देता येते. हंगामी मजूर या यादीत नाही.

आता हिशेब करू. बीड ते कोल्हापूर ३५० किलोमीटर धरले आणि साध्या एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण १० रुपये धरले, तर एका बाजूचे सुमारे ५८० रुपये होतात. बाईला अर्धे तिकीट. जोडप्याचे जाऊन-येऊन साडेसतराशे. जानेवारी २०२४ च्या वाढीनंतर तोडणीचा दर टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते असे मानले तर प्रवास आणि मतदान मिळून तीन दिवसांचे १,६५० ते २,२०० रुपये बुडाले. वर मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा, खाड्याचा (गैरहजेरीचा) दंड, तोही उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या हिशेबात चढतो. दंड सोडूनही दोन मतांना साडेतीन-चार हजार लागतात.

मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देणे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १३५ब नुसार बंधनकारक आहे, रोजंदारीवाल्यांनाही. पण न देणाऱ्या मालकाला दंड आहे जास्तीत जास्त ५०० रुपये. शिवाय तोडणीची मजुरी टनावर ठरते, दिवसावर नाही. आणि मालक कोण, मुकादम की कारखाना, यावरच वाद. सुटी एक दिवसाची आणि प्रवास दोन दिवसांचा, हे तर कायद्याच्या गावीही नाही.

नियमाने सोडलेली ही जागा रिकामी राहत नाही. इच्छुक उमेदवार ट्रक, जीप, ट्रॅव्हल्स पाठवतो, मुकादमाशी बोलून खाड्याचे मिटवतो आणि टोळी गावी आणतो. मतदारांच्या मोफत ने-आणीसाठी उमेदवाराने किंवा त्याच्या एजंटाने गाडी ठरवणे याच कायद्याच्या कलम १२३(५) नुसार भ्रष्ट आचरण आहे. कलम १३३ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून निवडणूक खर्चाच्या हिशेबात हे भाडे सहसा दिसत नाही. साध्या कार्यकर्त्याला ही रक्कम उभी करता येत नाही, आणि मजुराची खरी मागणी घेऊन उभा राहणारा बहुधा तोच असतो.

गाडी पाठवणाऱ्याला परतावा मोजताही येतो. नमुना २० या निकालपत्रकात मतदान केंद्रनिहाय निकाल जाहीर होतात. २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ९.७ कोटी मतदारांसाठी १ लाखाहून थोडी जास्त केंद्रे होती, म्हणजे केंद्रामागे सरासरी हजाराच्या आत. मत गुप्त, पण तांड्याचा किंवा वस्तीचा कल उघड. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले होते. ते वापरात आलेले नाही.

वरच्या मजल्यावरचा पैसा याहून मोठा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चमर्यादा ४० लाख, गोव्यात २८ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. कंपन्यांच्या देणग्यांचा धोका मुंबई उच्च न्यायालयाने १९५७ मध्येच दाखवला होता. टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय देणग्यांची मुभा देताना मुख्य न्यायमूर्ती चागला यांनी लोकशाहीवरच्या संकटाकडे संसदेचे लक्ष वेधले. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये उठली. २०१३ च्या कंपनी कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा होती. ती २०१७ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये पक्षांना देणगी देण्यासाठीचे, देणगीदाराचे नाव झाकणारे निवडणूक रोखे आले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते रद्द करेपर्यंत सुमारे १६,५०० कोटींचे रोखे विकले गेले. त्यातली ९० टक्क्यांहून अधिक रक्कम १ कोटीच्या रोख्यांत होती. हजाराचा रोखाही उपलब्ध होता बरं का!

२०२४ च्या विधानसभेला राज्यात ६६ टक्के मतदान झाले, मुंबईतल्या कुलाब्यात ४४ टक्क्यांच्या आसपास. कुलाब्यात झोपडपट्ट्याही आहेत, तेव्हा हा आकडा निव्वळ श्रीमंतांचा नाही. तरी रांगेत न राहिल्याने बंगलेवाल्याचे फारसे अडत नाही, कारण सरकारपर्यंत पोचायला त्याच्याकडे दुसऱ्या वाटा असतात. तोडणीवाल्याकडे मत सोडून फारसे काही नाही.

आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा आराखडा मांडला. एकाच केंद्रावर ७२ मतदारसंघांची मते घेता येतील असे ते यंत्र. स्थलांतरित नेमके कोण, परराज्यात आचारसंहिता कोण पाळून घेणार, छोट्या पक्षाने तिथे मतदान प्रतिनिधी कुठून आणायचा, हे आक्षेप रास्त होते आणि ते तिथेच अडले. पण स्थानिक निवडणुकांच्या तारखा ऑक्टोबर ते एप्रिल टाळून ठरवायला यंत्र लागत नाही. गाड्यांचेही तसेच. कलम १२३(५) ची मनाई उमेदवार आणि त्याच्या माणसांना आहे, एसटीला नाही. तामिळनाडूत मतदानाआधी चेन्नईहून जादा बस सुटतात. कारखान्यांच्या तळांवरून बीडसाठी तशा बस सोडायच्या, तर कुठल्या तळावर कुठल्या गावच्या किती जोड्या आहेत याची यादी आधी हवी, आणि ती कारखान्याच्या शेतकी खात्याकडे व मुकादमाच्या करारात मिळू शकते.